काहिलीला डांबर कोण लावतं

सुवर्णाच्या प्रत्येक व्हिडिओत खालच्या उजव्या कोपऱ्यात एक अंगठा असतो. तो तिच्या सासूचा, सिंधूबाईंचा. मोबाईल धरायचा तर घट्ट धरायचा, पडला तर कोण भरून देणार, असं म्हातारीचं म्हणणं. त्यामुळं अंगठा भिंगावर येणार म्हणजे येणारच. सुवर्णानं समजावून बघितलं, रुसून बघितलं, शेवटी नाद सोडला. आणि लोकांची तऱ्हा बघा, त्यांना तो अंगठाच आवडला. एका व्हिडिओत तो दिसला नाही, तर 'आजी आजारी आहेत का' म्हणून तेवीस जणांनी विचारलं. तेव्हापासून सिंधूबाईंचा भाव असा वधारला, की शूटिंगला निघायच्या आधी त्या नखं कापून, हात लिंबानं घासून तयार असतात.

भांडगावात, हायवेपासून थोडं आत, यांचं घर आणि पाऊण एकर मळा. गुलछडी आणि झेंडू, बांधाला शेवगा. सुवर्णाचा नवरा ज्ञानेश कुरकुंभला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. सुवर्णानं कॉलेजात इतिहास घेतला होता, पण दुसऱ्या वर्षाला लग्न ठरलं आणि इतिहास तिथंच राहिला. पुढं वीस वर्षं तिनं फुलं तोडली. मग घरात बरा मोबाईल आला आणि बाईंना पुन्हा हुक्की आली. चॅनेलचं नाव 'सुवर्णाची शोधाशोध'. तिला किल्ले नकोत आणि राजवाडे नकोत, तिकडं जायला माणसं पुष्कळ आहेत. हायवे रुंद करताना गटारात पडलेला मैलाचा दगड, बायका ज्याच्यावर धुणं आपटतात तो कोरीव खांब, बाजारातला मोडका तराजू, असल्या गोष्टींसाठी ही दौंड-शिरूर पालथं घालते. बरोबर गुलछडीची एक जुडी असते. हातात फुलं दिली की माणूस दारातून वाटेला लावत नाही, आत बसवतो, हा तिचा अनुभव. सांगणारा कुणी साहेब नाही, विचारणारं कुणी ऑफिस नाही. सकाळची तोडणी उरकली की ही आणि हिची कॅमेरावाली स्कूटीवर.

आता मूळ भानगडीकडं येऊ.

भीमेच्या पलीकडं, शिरूर तालुक्यात, थडीची वाडी म्हणून गाव आहे. तिथं भैरवनाथाच्या देवळापुढं एक लोखंडी काहील पडलेली होती. काहील म्हणजे गुऱ्हाळावर उसाचा रस आटवायची पसरट कढई. ही इतकी मोठी, की आठ माणसं मांडी घालून आरामात बसतील. काठाला चार कड्या. गावातल्या बायका येताजाता तिला हळदकुंकू वाहायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, पयल्यापासनं वाहत्यात म्हणून.

गेल्या दिवाळीनंतर सुवर्णा तिथं गेली तेव्हा देवळात हौसरावआबा बसले होते. हे गावचे माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, पासष्टी उलटलेली पण मिशा अजून ताठ. तिनं त्यांना जुडी दिली आणि विचारलं, "आबा, किती जुनी असंल ही काहील?"

"लई जुनी," आबा म्हणाले. "आमच्या आज्याच्या आदीची. राजंलोकांच्या वक्ताची असंल."

"एवढी मोठी म्हणजे हिच्यात फौजेचा स्वयंपाक होत असंल."

"असंल की," आबा म्हणाले. फुलं घेऊन आलेल्या पाहुणीला नाही कशाला म्हणा.

झालं. नदी ओलांडून घरी येईपर्यंत या दोन 'असंल'चं 'होतं' झालं. खोटं बोलावं असं तिच्या मनात नव्हतं, पण व्हिडिओत 'असेल' म्हटलं की बोलण्याला जोर येत नाही, हे तिला दोन वर्षांत कळून चुकलं होतं. 'हीच ती काहील, जिच्यात फौज जेवली,' असं तिनं ठणकावून सांगितलं. तीन लाख लोकांनी तो व्हिडिओ पाहिला. त्याआधी तिची सगळ्यात मोठी मजल नऊ हजारांची.

थडीची वाडी हरखून गेली. काहिलीला आतून-बाहेरून चंदेरी रंग मारला. देवळापुढं ओटा बांधायला काढला. भिमाजी पाथरवटाला पाटीचा दगड कोरायला दिला. चैत्रातल्या जत्रेच्या दिवशी अनावरण ठरलं आणि वेशीवर फ्लेक्स लागला. त्यावर फेटेवाल्या तेरा पुरुषांच्या मधोमध सुवर्णाचा फोटो, खाली लिहिलेलं, 'इतिहासाच्या अभ्यासक'. त्या फ्लेक्सचा फोटो तिनं माहेरी पाठवला, मैत्रिणींना पाठवला, आणि एकटी असताना स्वतःही काढून काढून बघितला. वीस वर्षांत तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. सिंधूबाई तेवढ्या नाराज होत्या. अंगठा फ्लेक्सवर नव्हता.

जत्रेला पाच दिवस राहिले असताना दोघी तयारीचं शूटिंग करायला गेल्या. काहील ओट्यावर चढवायला क्रेन आली होती. कड्यांमध्ये साखळ्या अडकवल्या. एक साखळी आखूड पडली आणि काहील कलती होऊन वर गेली. इतकी वर्षं मातीत बसलेलं तिचं बूड सगळ्यांना दिसलं. तिथं रंग पोचला नव्हता. बूड काळं कुळकुळीत होतं.

"बघा, काजळी," गर्दीतलं कुणीतरी म्हणालं. "किती चुली पेटल्या असतील."

सिंधूबाई मोबाईल तसाच धरून पुढं झाल्या. दुसऱ्या हाताचं नख त्यांनी बुडावर ओढलं आणि वास घेतला. उभा जन्म चुलीवर भांडी चढवण्यात गेलेली बाई ती.

"काजळी कुठली, डांबर हाय हे," त्या म्हणाल्या. "काय गं सुवर्णे, चुलीवर ठेवायच्या काहिलीला डांबर कोण लावतं? फौजंला काय डांबराची आमटी वाढली व्हय?"

लोक खो खो हसले. सुवर्णाला हसू आलं नाही. तिनं बुडाकडं नीट बघितलं. मध्ये पत्र्याचं एक ठिगळ होतं, रिबिटा मारून पक्कं बसवलेलं, आणि त्यावरही डांबर. डांबर लावतात ते पाणी आत येऊ नये म्हणून, एवढं तिला कळत होतं. मग जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, तो तिनं आता विचारला.

"आबा, ही काहील शेवटी कोण वापरायचं?"

"धुरपदाकाकी," आबांनी फाटकन सांगितलं. "ही तिची नाव व्हती. पूल न्हवता तवा. ह्या काठाच्या उंबरापासनं त्या काठापतुर दोर बांधलेला असायचा. काकी काहिलीत माणसं बसवायची आन् दोर वढत वढत पलीकडं न्यायची. आमी समदी हायस्कुलाला ह्यातनंच गेलो की."

"आणि हे तुम्ही मला तवा का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? किती जुनी म्हणून इचारलं, म्या जुनी म्हणलं. आन् दोर वढायचा ह्यो काय इतिहास झाला व्हय?"

आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. गावात पंचावन्नच्या पुढच्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक होती. पण बाई शिकलेली आहे, तिनं काहीतरी त्याच्याही मागचं शोधून काढलं असेल, आपलं साधं कशाला मध्ये घुसडा, असं ज्यानं-त्यानं मनाशी म्हटलं आणि जो-तो गप्प बसला. सुवर्णाला राग आला. आधी त्यांचा आला, मग तो फिरून तिच्यावरच आला.

आबांनी तिला बाजूला घेतलं. "ताई, जाऊ द्या आता. दगड कोरून झालाय. फौजंचंच ऱ्हाऊ द्या. बाहेरची लोकं येणार, फौज म्हणलं की तेवढंच गावाचं नाव व्हतंय. दोर वढणाऱ्या बाईसाठी कोण येतंय?"

"काकी कुठं असतात आता?"

"हाय ती. कारेगावला नातीपाशी असती म्हणं."

आहे. म्हणजे ती बाई जिवंत होती, आणि तिच्या जन्माच्या कामावर पाच दिवसांत दगड बसणार होता. त्यावरची गोष्ट सुवर्णानंच दिलेली.

फर्स्ट शिफ्ट करून ज्ञानेश साडेचारला घरी आला तेव्हा ती ओसरीवर गुलछडीच्या जुड्या बांधत होती, आणि एका जुडीला तीन वेळा दोरा गुंडाळत होती. त्यानं कारण विचारलं, तिनं सगळं सांगितलं. खरं बोललं तर तीन लाख लोक हसतील, फ्लेक्सवरचं नाव मातीत जाईल, पुढं तिच्या कुठल्याही गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नाही.

ज्ञानेश मोजकं बोलणारा माणूस. "आमच्यात बॅच बिघडली, तर लेबल बदलून गाडीत भरत न्हाईत," तो म्हणाला. "बाजूला काढत्यात. लई जिवावर येतं, पण काढत्यात."

"आणि लोक हसले म्हणजे?"

"हसू देत की," सिंधूबाई आतून म्हणाल्या. "माझा अंगठा दोन वर्षं जगाला दिसतोय, मी कुठं लाजून मेले?"

दुसऱ्या दिवशी दोघी कारेगावला गेल्या. लांबचा पल्ला, स्कूटीला सव्वादोन तास लागले. त्यात सिंधूबाईंचा एक चहा आणि दोनदा पाठ सरळ करणं आलं. कारेगाव म्हणजे रांजणगावच्या कारखान्यांच्या कुशीतलं गाव, घरापेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त. धुरपदाबाईंची नात मोनिका तिथल्याच एका कारखान्यात कामाला होती. एका ओळीत दहा खोल्या, आणि चौथ्या खोलीच्या उंबऱ्यात पंच्याऐंशीची धुरपदा शेजारच्या बिहारी बाईबरोबर मेथी निवडत बसलेली. बारीक चणीची, पण खांदे पैलवानासारखे रुंद. शेजारीण तिला दादी म्हणत होती आणि दादी तिला मराठीत झापत होती, देठं ठेवते म्हणून.

सुवर्णानं जुडी दिली आणि आल्याचं कारण सांगितलं.

"माझा व्हिडू?" म्हातारीनं तोंडाला पदर लावला. "अगं, म्या काय केलं? दोर वढला, बास."

"किती वर्षं?"

"तेवीस. धनी दम्याचं. एक दिस दोर त्यांच्या हातनं सुटला, म्या धरला, आन् पूल झाला तवाच सोडला." मग तिची गाडी सुटली. "पयल्या दिशी एकबी बाप्या बसंना. बाईच्या हाती जीव द्यायचा व्हय, म्हणलं. म्या म्हणलं, मग पवून या. दोन दिस कडंला बसून ऱ्हायले, तिसऱ्या दिशी गुमान बसली समदी."

सिंधूबाई इतक्या हसल्या, की मोबाईल हलला.

"डांबर म्या सोता लावायची, दर साली जत्रंच्या आदी. आन् हळदकुकू म्हणशील तर, नव्या नवऱ्या पार व्हताना काहिलीला वाहायच्या. सुखानं ने म्हणून. अजून वाहत्यात व्हय? आता तर पूल हाय की गं." ती थांबली आणि तिचे डोळे भरले. "अजून वाहत्यात?"

"रोज वाहतात," सुवर्णानं सांगितलं.

म्हातारीनं मेथीची पाटी बाजूला सारली. चेहरे आठवत नाहीत म्हणाली, पण कोण कसं भ्यायचं ते आठवत होतं. एक मास्तर डोळे मिटून रामरक्षा म्हणायचा. एक बाई काठ येईपर्यंत नवऱ्याला शिव्या घालायची. "आन् एक पोर तर मधल्या धारंला आलं की उभंच ऱ्हायाचं. काठ दोन्ही हातांनी धरून वरडायचं. त्याचं नाव न्हाई सांगायची. मोठा माणूस झालाय म्हणं."

बोलता बोलता तिनं उजवा हात पुढं केला. अंगठ्याच्या पेरावर आडवी खाच होती, दोरानं पाडलेली. सुवर्णानं ती खाच बोटानं चाचपून बघितली, आणि मग तिचं ठरलं. निघताना तिनं म्हातारीला जत्रेचं आमंत्रण दिलं.

जत्रेच्या दिवशी थडीच्या वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. सुवर्णाला स्टेजवर आबांच्या शेजारची खुर्ची. ओट्यावर चंदेरी काहील, तिच्यापुढं झाकलेला दगड. शाल-श्रीफळ हातात घेऊन आबा उठले तेव्हा सुवर्णानं हात जोडले. "शाल मागून द्या आबा, आधी माझं ऐका," ती म्हणाली आणि तिनं माईक घेतला.

"ही काहील फौजेची नाही," ती म्हणाली. "ते मी मनानं जोडलं. मी विचारलं, किती जुनी. कुणाची, हे विचारलंच नाही. ही धुरपदाकाकींची नाव आहे. तेवीस वर्षं त्यांनी ह्या गावाला हिच्यातनं नदीपार नेलं. माझा तो व्हिडिओ चुकला. तो मी काढून नाही टाकला, त्याच्यावर मोठ्या अक्षरांत 'हे चुकलं' असं लिहिलंय, म्हणजे सगळ्यांना दिसंल. तुमची माफी मागते."

आबांच्या मिशा थरथरल्या. मागून कुणीतरी शीळ घातली, आणि सुवर्णाला वाटलं, संपलं आता सगळं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून साळूबाई उठली. सत्तरीची, वाकलेली, गावात कधी मोठ्यानं न बोललेली बाई. "मला ह्यातनंच नांदाया आणली," ती म्हणाली. "म्या वाटभर रडत व्हते. काकीनं मला मधल्या पाण्यात गूळ-खोबरं दिलं."

तिच्यामागं एक म्हातारा उठला. त्याच्या बैलाच्या औषधाला काकी पुरात पोहत गेली होती. मग आणखी एक बाई, तिच्या बाळंतीण लेकीला काकीनं पार नेलं होतं. मग चौघं एकदम. प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं आणि आजवर कुणीच विचारलं नव्हतं. सुवर्णा स्टेजवरून खाली उतरली आणि त्यांच्यात जाऊन बसली. लोक तिच्याकडं बघून बोलत होते, आणि ती रडत होती का हसत होती, ते सिंधूबाईंनाही भिंगातून नीट कळलं नाही.

अशात वेशीत रिक्षा थांबली. मोनिकानं आजीला हात दिला, तो आजीनं झटकला आणि ती आपल्या पायांनी चालत आली. गर्दी आपोआप दुभंगली. धुरपदा थेट काहिलीपाशी गेली, तिनं तिच्या काठावर बोटानं टकटक केलं आणि ऐकलं. मग रंगाकडं बघून म्हणाली, "हिला चांदी कुणी फासली? नवरी केली व्हय?"

आबा स्टेजवरून खाली आले. एवढा चेअरमन माणूस, पण तिच्यापुढं मान खाली. "काकी, म्या हौसा," ते म्हणाले.

"वळखलं. अजून काठ धरूनच हुबा ऱ्हातोस का?"

गर्दीला समजायला एक क्षण लागला. मग जी हशाची लाट उठली, ती देवळाच्या शिखरापर्यंत गेली असेल. आबा आधी लाल झाले, मग त्यांच्याही मिशा हलायला लागल्या, आणि शेवटी पोट धरून हसले ते.

"भिमाजी," डोळे पुसत आबांनी हाक मारली, "त्यो दगड उलटा कर. माघारची बाजू कोरी हाय न्हवं?"

"हाय आबा. काय कोरू?"

आबांनी सुवर्णाकडं बघितलं. "ताई, तुमी सांगा."

"ह्या खेपेला मी नाही सांगायची," सुवर्णा म्हणाली. "हिच्यात बसला होता तुम्ही. तुम्हीच सांगा."

आबांना काही सुचेना. सोसायटीच्या सभेत तासभर बोलणारा माणूस, पण एक ओळ जुळेना. "आधी बसून बघ, मंग आठवंल," धुरपदा म्हणाली. तिनं सहज म्हटलं, पण आबांनी खरंच चपला काढल्या, धोतर सावरलं आणि ओट्यावर चढून काहिलीत पाय टाकला. दोन्ही हातांनी काठ धरला. डोळे कधी मिटले, त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. सिंधूबाई इतक्या हसत होत्या, की त्यांना मोबाईल धरवेना. "धरा वं जरा," म्हणून त्यांनी तो शेजारी उभ्या असलेल्या धुरपदाच्या हातात दिला आणि आपण खाली बसून पदर डोळ्यांना लावला.

भिमाजीनं पुढच्या आठवड्यात दगडाची माघारची बाजू कोरली. 'धुरपदाकाकींनी आम्हाला पलीकडं नेलं. समस्त गावकरी.' आबांची ओळ. फौजेचा मजकूर तसाच आहे, पण देवळाच्या भिंतीच्या बाजूला.

सुवर्णाचा हा जत्रेचा व्हिडिओ तीन लाखांपर्यंत काही गेला नाही. जेवढ्यांनी पाहिला त्यातल्या पुष्कळांनी मात्र एकच विचारलं, सासूबाईंचा अंगठा बदलला कसा. कारण शेवटी काहिलीत ताठ बसलेले आबा दिसतात, आणि उजव्या कोपऱ्यात एक दुसराच अंगठा येतो, पेरावर आडवी खाच असलेला. तो मुळीच हलत नाही. आणि मागून म्हातारीचा आवाज येतो, "हालू नगं, हौश्या. आला काठ."